गेरूचा चौकोन

गावाहून राहायला आलेल्या आईने आमच्या दाराबाहेरच्या पांढऱ्या फरशीवर सवयीने रांगोळी काढली, आणि ती कुणाला दिसेचना. ठिपके, रेघा सगळं जागेवर होतं, तरी लोक त्यावरून चालत गेले. दुसऱ्या सकाळी तिने हातभर चौकोन गेरूने सारवला आणि वर तीच रांगोळी काढली. ती इतकी उजळली, की आईने पूडच बदलली की काय, असं मला वाटलं.

समोरच्या काकू म्हणाल्या, "मावशी, फरशीला डाग पडेल हो. हल्ली स्टिकर मिळतात."

"पांढऱ्यावर पांढरं कसं दिसंल, बाई? खाली गेरू नको का?"

डोळा नुसता उजेड मोजत नाही, शेजारच्या रंगाशी तुलना करतो, हे मी कॉलेजात शिकलो. एकच राखाडी ठिपका काळ्यावर फिका दिसतो, पांढऱ्यावर गडद. घरातला पहिला पदवीधर म्हणून कुणी माझं कौतुक केलं, की मला तो ठिपका आठवतो. माझ्या पदवीला जो उठाव आहे, तो मागे उभ्या असलेल्या, शाळा न मिळालेल्या माणसांमुळे आहे. ती पार्श्वभूमी झाकावी, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि फरशी पुसून घ्या म्हणाले. आई ओशाळून फडकं आणायला वळली. मी तिचा हात धरला.

"रांगोळी रोज पुसली जाईल, साहेब," मी म्हणालो. "गेरू राहील."