पाचशे सीसी, पाण्याचे दोन कॅन आणि मागची सीट

आपल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंय, मावशी, नवी गाडी कशी आहे? एकेकाला उत्तर द्यायला मला टाइम नाही. खानावळ चालवते मी, सकाळी कॉलेजच्या पोरांचे डबे असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नका. गाडी चालवायला व्याकरण लागत नाही.

गाडी पाचशे सीसीची. कंपनीचं नाव घेणार नाही, फोटोत दिसलंच आहे आणि कंपनी काही मला पेट्रोल भरून देत नाही. शोरूममधल्या पोरानं आधी मला स्कुटी दाखवली. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. उंची माझी बेताची, सीटवर बसले की चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत. उभी असताना गाडी जड, लई जड. एकदा निघाली की वजन कुठं जातं कळत नाही.

पण ही गाडी मी घेतली ती मागच्या सीटसाठी. रुंद आहे, पाय ठेवायला जागा आहे. आमचे मालक एसटीत ड्रायव्हर होते, सगळी हयात स्टिअरिंगवर गेली. रिटायर झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे गियर ऐकतात. "उशिरा टाकला," एवढंच म्हणतात. दिवसभरात दुसरं बोलणं नाही. ह्या माणसाला त्या खुर्चीतून उठवायचं, ह्याच्यासाठी मी गाडी घेतली. आणि गाडी दारात आल्यावर मालक काय म्हणाले? "मी कुणाच्या मागं बसत नसतो. जलमभर लोकांना मागं बसवलंय." विषय संपला. मागची सीट रिकामीच.

मग लातूरहून आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. तिच्याकडं नळ कधी येतो ते नळालाच माहीत, रेल्वेनं पाणी आणून राहिलेत गावात. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगते, सध्या लातूरला पाहुणा जायचा म्हणजे पेढे नेत नाहीत, पाणी नेतात. आमच्या नांदेडला गोदावरी आहे, आटली तरी घशापुरतं मिळतं. मी म्हटलं, दोन कॅन घेऊन येते. वाटेत मुखेडला आक्काची लेक सुनीता असते, नुकतीच बाळंत झालेली, तिचं बाळही बघू. म्हणजे रस्ता नांदेड, कंधार, मुखेड, उदगीर, शिरूर अनंतपाळ, लातूर. सरळ रस्ता अहमदपूरवरून आहे, हा लांबचा पडतो. पण नवी गाडी पळवायची तर लांबचाच बरा.

मालकांना विचारलं, येता का? म्हणाले, येतो, एसटीनं. पास आहे. शिरूरला चहाला भेटू.

कॅन मात्र त्यांनीच बांधले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, एक कॅन डावीकडं, एक उजवीकडं, हलवून हलवून बघितलं. "वजन दोन्हीकडं सारखं पाहिजे," म्हणाले. मग पिशवी घेऊन स्टँडकडं चालते झाले. त्यांच्यासाठी घेतलेलं हेल्मेट मी हँडलला अडकवून घेतलं. का ते विचारू नका.

उजाडता उजाडता निघाले. गावाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा चौथ्या गियरमध्ये मूठ पिळली, आणि आईशपथ, माझ्या जुन्या शंभर सीसीवर मी इतकी वर्षं काय करत होते असं झालं. चाळीसच्या स्पीडला चौथ्यात कुरकुर नाही, मूठ पिळली की पाठीत धक्का. पुढचा ब्रेक चांगला. क्लच कडक आहे, कंधारपर्यंत डावा पंजा दुखून आला. आरसे सत्तरच्या पुढं थरथरतात, मागचा ट्रक आहे का टेकडी आहे कळत नाही. इंजिनाची धग उजव्या पोटरीला लागते, पातळ सलवार घालू नका. मी दुसऱ्या दिवशी मालकांच्या पिशवीतली जुनी खाकी पँट घातली, झकास बसली.

रस्ता बरा आहे. बघायला काय, विचाराल तर काही नाही. रानं उघडी, ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात, हिरवं म्हणाल तर नुसते कडूलिंब. टँकर मात्र पावलोपावली. टँकरच्या मागं राहू नका, गळत असतो, रस्ता ओला करतो. आणि टँकरमागून बाया घागरी घेऊन पळत येतात, त्या ब्रेक बघत नाहीत. हॉर्न वाजवू नका, थांबा.

मुखेडच्या अलीकडं लाल एसटी दिसली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मालक. मी हॉर्न देऊन बाजूनं काढली, ड्रायव्हरनं हात केला. मालक सरळ समोर बघून राहिले, जसं काही ह्या बाईला ओळखतच नाहीत.

मुखेडला स्टँडजवळ चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, वरून भजी. तीस रुपयांत पोट भरलं. पाण्याचा ग्लास अर्धाच देतात, पूर्ण मागू नका, हॉटेलवाल्याला वाईट वाटतं. सुनीताकडं गेले तर घरात रांजण पालथा. टँकर आला नव्हता आणि बाळाचे लंगोट कोपऱ्यात साठलेले. मी उजव्या बाजूचा कॅन सोडून तिच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ओतून घेताना सांडतं, म्हणून कॅनसकट दिला. सुनीता म्हणाली, "मावशी, आई रागावंल." म्हटलं, तुझी आई माझ्यावर जन्मल्यापासून रागावलेली आहे.

आता गाडी एका बाजूनं जड. जावई म्हणाले, दुसरीकडं दगड बांधू. नव्या गाडीला दगड? कॅन सीटवर बांधून बघितला तर गुळगुळीत सीट, डोलतोय. अर्धं पाणी ओतून दिलं असतं तर वजन कमी झालं असतं, पण आक्काला अर्धा कॅन घेऊन जाऊ? एवढा विचार करायला मला धीर नसतो. राहू दिला डावीकडं आणि निघाले.

उदगीरपर्यंत मी उजवीकडं कलून बसले होते. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई पिऊन आलीय. उदगीरला थांबले नाही. एकीकडं वजन असलं की थांबायची भीती वाटते, चाललेली गाडी तोल धरते.

शिरूर अनंतपाळला मात्र थांबायचंच होतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मालक आधीच पोचलेले, बशीत चहा ओतून बसलेले. आत जिल्ह्याचं भांडण पेटलं होतं. उदगीर जिल्हा होणार, मग शिरूर तिकडं जाणार का लातूरलाच राहणार? एक फेटेवाले आजोबा उदगीरच्या बाजूनं, हॉटेलवाला लातूरच्या बाजूनं. मालक म्हणाले, लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नवीन ड्रायव्हर होतो, सगळ्या पाट्या रंगवून काढल्या, खड्डे तेवढे जुन्या जिल्ह्यातलेच राहिले. हे ऐकत ऐकत मी गाडी साइड स्टँडवर लावली. उन्हानं डांबर लोण्यासारखं झालेलं. साइड स्टँड आत रुतला, कॅन डावीकडं, आणि माझी पाचशे सीसीची नवी गाडी सावकाश, म्हशीनं बसावं तशी, आडवी झाली.

इथं एक सांगते, हसा हवं तर. गाडी पडली आणि मी आधी कॅनचं झाकण बघितलं. मीच नाही, हॉटेलातनं पळत आलेले आजोबा पण आधी कॅनकडंच गेले, पट्ट्या सोडून कॅन उभा केला, झाकण दाबून बघितलं. "सांडलं न्हाई," म्हणाले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग कुणाला तरी आठवलं की गाडी पण पडली आहे. क्लचचा दांडा वाकलाय थोडा, आरसा फिरलाय. तुम्ही लोकांनी शिकवलं तसं पाठ लावून, गुडघ्यात जोर घेऊन मी उचलायला गेले. निम्मी उठली. उरलेली निम्मी मालकांनी उचलली. बशी खाली ठेवून आले होते.

स्टँडखाली हॉटेलवाल्यानं शहाबादी फरशीचा तुकडा दिला. तो आता माझ्या डिकीतच असतो. उन्हाळ्यात मराठवाड्यात फिरणार असाल तर असा एक तुकडा ठेवाच. फुकट मिळतो.

मालक गाडीभोवती एक चक्कर मारून आले. सायलेन्सर बघितला, टायर दाबला. म्हणाले, "मुखेडजवळ ओव्हरटेक करताना इंडिकेटर दिला न्हाईस."

म्हणजे ओळखलं होतं तर.

मग कॅनकडं बघून म्हणाले, "हितनं लातूरपर्यंत खड्डे लई हायेत. बांधून टिकायचा न्हाई. फुटंल."

"मग काय करू? टाकून देऊ?"

"कुणीतरी मधी धरून बसावं लागंल."

माझ्याकडं बघितलं नाही, कॅनशीच बोलत होते. मी हँडलचं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, ह्या ग्रुपला माहीत आहे. पण बसले. तेवढ्यात लातूरची बस आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं खिडकीतनं डोकं काढून हाक मारली, "काका, चला की."

मालक कॅनवर हात ठेवून उभे. बस घुरघुर करत थांबलेली. हॉटेलातला जिल्हा पण दारात येऊन बघत होता.

"जाऊ दे," मालक म्हणाले. "आज माझ्याकडं सामान हाय."

बस गेली. ते बसले. कॅन आमच्या दोघांच्या मधे, त्यांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला. आजोबा म्हणाले, "सांभाळून न्या बाई." पाण्याला म्हणाले का माणसाला, माहीत नाही.

आता तुम्ही विचारलं होतं, मागं माणूस बसल्यावर गाडी कशी चालते? ऐका. वजन मधे आलं आणि गाडी सरळ झाली. कललेलं सगळं गेलं. मागचे शॉकअप खड्ड्यात आपटत नाहीत. दोन माणसं, एक कॅन, तरी चढाला गियर उतरवावा लागला नाही. फक्त माझ्या मागून एक पाय सारखा फूटरेस्ट दाबत होता. खड्डा आला की दाब, बैलगाडी आली की दाब. त्या पायानं हयातभर ब्रेक मारलाय, त्याला कसं सांगणार. "तिसरा टाक," असंही एकदा आलं. म्हटलं, उतरायचंय का? मग आवाज नाही. नळेगावच्या पुढं लक्षात आलं, पाय पण शांत झालाय. झोपले का काय म्हणून आरशात बघितलं, तर मालक बाजूला बघत होते. रानाकडं, माणसांकडं. ड्रायव्हरला बाजूला बघता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. ह्याच रस्त्यानं त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील. "हितं एवढी मोठी विहीर हाय?" म्हणाले. "मला म्हाईतच न्हाई."

आक्कानं दारात आधी कॅन घेतला, मग आम्हाला घरात घेतलं. एकच का, म्हणून विचारलं. सुनीताचं सांगितलं तर पदर डोळ्याला लावला, आणि लगेच म्हणाली, "तरी दोन आणायचे होते तर तीन आणायचे." पाय धुवायला अर्धा तांब्या घेऊन आली. मालकांनी तो तांब्या तसाच परत दिला, "पाय कोरडेच बरे," म्हणाले. जेवायला धपाटे, शेंगाची चटणी, कांदा. असलं जेवण हॉटेलात कितीही पैसे दिले तरी मिळायचं नाही. रात्री आक्काच्या गल्लीतली माणसं गाडी बघायला आली आणि मालक त्यांना सांगत बसले, क्लच कडक आहे, पण इंजिन खालच्या आवाजात ओढतं, बाई गियर वेळेवर टाकते. मी आतून ऐकलं. मला तोंडावर कधी सांगणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत, अहमदपूरच्या सरळ रस्त्यानं. जाऊन येऊन पेट्रोल सातशेच्या आसपास, गाडी तीसला टेकते, जास्त अपेक्षा करू नका. निघताना मी रिकामा कॅन बांधायला ट्यूबची पट्टी घेऊन आले, तर मालक हेल्मेट घालून, मागच्या सीटवर, रिकामा कॅन मांडीवर घेऊन तयार.

"द्या की, बांधते. रिकामा हाय."

"वाऱ्यानं उडंल," म्हणाले. "चल."

घरी येऊन आता आठ-दहा दिवस झाले. गाडी कशी आहे, तर क्लचचा दांडा बदलायचाय, आरसे सुधारायला पाहिजेत, बाकी घ्या, डोळे झाकून घ्या. मागची सीट कडक आहे, हे मालकांचं मत. दारातली खुर्ची अजून आहेच, गियर ऐकणं पण चालूच आहे. काल मी कॅन धुवून स्वयंपाकघरात न्यायला लागले, तर खुर्चीतून आवाज आला, "राहू दे तो गाडीपाशीच."

ठेवलाय. त्यांच्या हेल्मेटशेजारी.