एका डोळ्यानं कातलेली फुलदाणी: नागपूर ते गोविंदपुरा

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि दोन ऑपरेशनं होऊनही नजर परत आली नाही. ते मी पचवलं. पचलं नाही ते त्यानंतरचं.

नागपुरात आमचा लाकूडकाम करणाऱ्या हौशी लोकांचा छोटा गट आहे. दर रविवारी एकाच्या शेडमध्ये जमतो, लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, वाडगे, लाटणी, दिवे कातत बसतो. ऑपरेशनांनंतर मी परत गेले तर गटाचे प्रमुख म्हणाले, "शुभाताई, एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. फिरत्या लाकडाजवळ आता नको. तुम्ही प्रदर्शनाचं टेबल सांभाळा." घरी आले तर भेटायला आलेल्या दादाचं तेच. "बरोबर बोलतायत ते. विणकाम कर. चित्रं काढ."

मी वासंतीमावशीला फोन लावला. ही आईची मावसबहीण. नागपूरची, पण लग्न होऊन भोपाळला गेली. काका तिथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ती स्वतः ड्रॉइंग ऑफिसात होती. काकांच्या मागे त्यांचा लेथ तिनं विकला नाही, स्वतः शिकली.

"मावशी, मला सेल्टिक गाठीची फुलदाणी करायची आहे. तुकडे जोडून. लेथ देशील?"

"ते मला येत नाही. मी सीधेसाधे वाडगे काढते."

"मला येतं. मला फक्त लेथ पाहिजे."

"मग ये ना. तिकीट काढ."

प्रवास सांगायचा तर नागपूर ते भोपाळ दिवसाची गाडी घ्या. सहा-सात तास लागतात, आणि बैतूलच्या आधी-नंतरचा सातपुडा झोपून घालवण्यासारखा नाही. मी खिडकीची जागा घेतली होती, चालत्या डोळ्याच्या बाजूची. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या शिपायानं माझ्या लांब दांड्याच्या पटाश्या बाहेर काढल्या. "मैडम, ये क्या है?" लाकूड कातायची हत्यारं आहेत म्हटलं. त्यानं माझ्या डोळ्याकडे पाहिलं, पटाश्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आप चलाएँगी?" "हो, मीच," मी मराठीतच उत्तर दिलं. त्यानं सगळ्या नीट गुंडाळून परत दिल्या. इटारसीनंतर नर्मदा लागते आणि भोपाळच्या अलीकडे राणी कमलापती स्टेशन. मावशीच्या पिढीचे लोक अजून हबीबगंजच म्हणतात. मावशी राहते त्या मिसरोदला जायचं तर तिथंच उतरा.

मावशीचा फ्लॅट मिसरोदला, पण लेथ गोविंदपुऱ्यात, कारखान्यांच्या वस्तीत. सोसायटीनं आवाजाची तक्रार केली तेव्हा तिनं भांडण केलं नाही. सरळ सलीमभाईंच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधला एक कोपरा भाड्यानं घेतला. सत्तरी ओलांडलेली ही बाई रोज बसनं तिकडे जाते, डबा घेऊन, ऑफिसला जावं तशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोहे-जिलबी खाऊन निघालो. भोपाळचे पोहे वाफवलेले असतात, वर शेव आणि जिरावण मसाला. आपल्या नागपुरी, झणझणीत रस्सा घातलेल्या तर्री-पोह्यांशी तुलना करू नका, दोन्हींवर अन्याय होतो. जवाहर चौकात डिंक, सँडपेपर आणि क्लँप मिळाले. लाकूड एका आरा मशीनवरून, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीतून, घेतलं: गडद शिसम आणि पिवळसर हळदू.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही फुलदाणी एका ओंडक्यातून निघत नाही. लाकडाचे बारा तिरके तुकडे जोडून एक कडं करायचं. अशी कडी एकावर एक चिकटवायची, विटांसारखी, सांध्यावर सांधा येऊ न देता. फुलदाणीची मान मात्र अखंड ठोकळ्याची, आणि गाठ त्या मानेत. चौकोनी ठोकळ्याला एका बाजूनं करवतीनं तिरका काप द्यायचा, अगदी आरपार नाही. त्या फटीत तेवढ्याच जाडीची दुसऱ्या रंगाची पट्टी चिकटवायची. वाळली की ठोकळा वळवून पुढची बाजू. चारही बाजू झाल्या की ठोकळा गोल कातायचा. तेव्हा त्या सरळ पट्ट्या वळसे घेऊन एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, सुरुवात-शेवट नसलेल्या वेलीसारख्या. चारपैकी एक काप केसभर सरकला तरी वेल तुटते.

पहिलं कडं चिकटवून झालं आणि ते लेथवर चढवून मी पटाशी पुढे नेली. लाकूड अजून बोटभर लांब आहे असं मला वाटत होतं. ते नव्हतं. पटाशी अडकली, कडं फुटलं, एक तुकडा माझ्या तोंडावरच्या जाड ढालीवर आदळून शेडच्या पत्र्यावर गेला. सलीमभाई धावत आले. "क्या हुआ खाँ, सब ठीक?" भोपाळात कोणालाही 'खाँ' म्हणतात. मला काही लागलं नव्हतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे नागपूरचे सगळे लोक मला त्या क्षणी बरोबर वाटले.

त्याच संध्याकाळी दादाचा मावशीला फोन आला. स्पीकर लावला नव्हता, तरी त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "तिला मशीनला हात लावू देऊ नका, मावशी. काही झालं तर जिम्मेदारी कोणाची?" मावशी पुष्कळ वेळ हूं हूं करत राहिली. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाठीचे काप मी देते. तू नुसती सांग."

मी भांडले नाही. भांडायला हवं होतं, पण त्या दिवशी माझ्यात जोर नव्हता. चार काप तिनंच दिले, मी पट्ट्या चिकटवल्या.

शेवटचा डिंक वाळत होता त्या दिवशी टॅक्सी करून आम्ही भीमबेटका पाहिलं आणि त्याच रस्त्यानं पुढे बुधनीला गेलो. दोन्ही ठिकाणं मिसरोदहून एका दिवसात आरामात होतात, फक्त सकाळी लवकर निघा. बुधनीला हायवेच्या कडेला लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, सगळं लेथवर कातलेलं. भीमबेटक्याची गुहाचित्रं तुम्ही इतरांच्या ब्लॉगवर वाचालच. मला तिथल्या दगडी पायऱ्या लक्षात राहिल्या. उतरताना मावशीनं हात पुढे केला. मी नको म्हटलं आणि ऑपरेशननंतर जशी उतरते तशीच उतरले: आधी नुसतं पाऊल टेकवायचं, दगड लागला की मगच भार द्यायचा.

चौथ्या की पाचव्या पायरीवर मी थांबले.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"नाही. मावशी, मी पायरी बघत नाहीये. चाचपतेय."

"मग?"

"मग लेथवर मी बघत कशाला होते?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मावशीनं तिचा ठोकळा कातला. तीन वळसे सुरेख जुळले. चौथा गव्हाच्या दाण्याएवढा चुकला होता. ती चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिली. "माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत," ती हळूच म्हणाली, "आणि तरी हे असं."

"आता मी," मी म्हटलं.

ती बाजूला झाली. दादाचं नाव तिनं काढलं नाही.

नव्या ठोकळ्यासाठी मी करवतीच्या पाटावर एक ठेपा, म्हणजे लाकूड अडवणारी पट्टी, घट्ट आवळला. प्रत्येक बाजू त्यालाच टेकवून कापायची, टेकला की नाही ते नखानं बघायचं. डोळ्याला विचारायचंच नाही. लेथवरही तेच केलं. हत्याराचा टेकू बंद मशीनवर हातानं तपासून लावला. मशीन सुरू झाल्यावर पटाशीची नुसती पाठ हलकेच लाकडावर टेकवली. ती सळसळते, कापत नाही. तो आवाज आला की मग दांडा उचलायचा, आणि धार लागते. खरं तर प्रत्येक चांगल्या पुस्तकात असंच करायला सांगितलेलं असतं. दोन डोळे असताना मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

कडी एकेक करून चढत गेली. आणखी एक फुटलं, पण ते डिंक कच्चा होता म्हणून. मी नवं केलं. सलीमभाई जेवणाच्या सुट्टीत मिठाचा चहा घेऊन यायचे, भोपाळचा खास, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि तिसऱ्या दिवशी आपणच मागतो. मान कातायची वेळ आली तेव्हा मावशी माझ्या अंध बाजूला येऊन उभी राहिली.

"तिथं नको. मला दिसत नाहीस तू."

"म्हणूनच उभी आहे. इधरसे कोई नहीं आएगा. तू कात."

शिसमातून हळदूची पिवळी रेघ वर आली, वळली, दुसऱ्या रेघेखाली गेली, पुन्हा वर आली. मशीन बंद करून मी बोटानं ती पूर्ण फिरवून पाहिली. चारही वळसे जुळले होते. मावशीनंही बोट फिरवलं. मग डबा उघडून दोघी जेवलो.

ही सहल कोणाला करायची असेल तर थंडीत करा. हत्यारं चालवणार असाल तर चेहऱ्यावर ढाल लावा, एकटं काम करू नका. माझ्यासारखी नजर असेल तर डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "राहिलेला डोळा जपा आणि सवय करा." 'बंद करा' असं फक्त बाकीचे म्हणत होते.

नागपूरला आल्यावर फुलदाणी मी गटाच्या प्रदर्शनाच्या टेबलावर नेऊन ठेवली. प्रमुखांनी ती उचलून बराच वेळ न्याहाळली. "कोणाची?" त्यांनी विचारलं. "माझी," मी म्हटलं, "आणि टेबल सांभाळायला दुसरं कोणीतरी बघा. मी शेडमध्ये आहे." त्यांनी ती परत टेबलावर ठेवली. त्या रविवारी मला लेथ मात्र दिला नाही. म्हणून मी स्वतःसाठी एक जुना लेथ शोधून विकत घेतला आणि दादाला फोन केला.

"परवा मशीन येतंय. अंगणात ठेवायचंय. उतरवायला माणूस कमी पडतोय."

"मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो. किती वाजता येशील?"

तो आला. तोंड फुगवून आला, पण मशीनचं जड टोक त्यानंच धरलं.