मावशीची दोरीवरची पुस्तकं

माझ्या मावशीइतकं पुस्तकांवर प्रेम करणारं आणि वाचनाचं इतकं नुकसान करणारं माणूस अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात दुसरं सापडणार नाही. सोनाळ्याजवळच्या एका खेड्यात ती पहिली-दुसरीला शिकवते. मुलांना गोष्टींची पुस्तकं सतत दिसली पाहिजेत, असा वरून आदेश आला. मावशीनं वर्गात दोरी बांधली, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवली आणि आदेश अक्षरशः पाळला. मुलांना पुस्तकं दिसतात. नुसती दिसतात. दोरी तिच्याच डोक्यावरून जाते, पोरांची काय कथा! साहेब लोक येतात, दोरीखाली मुलं बसवून फोटो काढतात, शाळेचं कौतुक करतात आणि गाडीत बसतात. चिमटा काढून एखाद्या पोराच्या हातात पुस्तक द्यावं, असं त्यांच्यापैकी एकालाही वाटत नाही. याला आपल्याकडे शिक्षण म्हणतात.

रोज सकाळी मावशी प्रत्येक पुस्तक पदरानं पुसते. पोरांच्या बोटांचा वास घेते. तेलाचा वास आला की त्या पोराची रवानगी मागच्या ओळीत. वाचनाच्या तासाला पुस्तक ती धरते, पान ती उलटते, पोरं नुसती मागून ओरडतात. दमट हवेत कागद मऊ पडतो म्हणून पावसाळाभर गोष्टी बंद. एका पोरानं विचारलं, "बाई, त्या वाघाचं पुढं काय झालं?" मावशी म्हणाली, "वाघ वाळून राह्यला. हात नको लावू."

मी पेपरात शिक्षणावर लेख लिहिणारा; चिडून म्हणालो, "मावशी, तू वाचायला शिकवतेस की दर्शन देतेस?"

"तू गप बस बे! फाटलं त नवं कोन देईन? तुह्या लेखानं पुस्तक येते काय?"

मग एक दिवस दुसरीतल्या मुलीची आई दारात उभी राहिली. "बाई, पोरगी अजून अक्षर ओयखत नाई. दिवाळीपर्यंत पाहू, नाई त राहू दे घरी. लहान्या भावाले तरी सांभायीन."

संध्याकाळी मावशीनं वाघाचं पुस्तक काढलं, दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलं आणि मुलीला दिलं. मुलीनं धरलं तरी आपलं टोक तिनं लगेच सोडलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुलगी पुस्तक परत घेऊन आली. मागोमाग तिची आईही आली. मधल्या पानावर भलामोठा पिवळा डाग होता.

"हे काय व?" मावशी कडाडली.

मुलगी म्हणाली, "वरन हाय, बाई. भाऊ जेवतच नाई. मंग म्या त्याले वाघ वाचून दाखोला."

"वाच बरं."

मुलीनं बोट ठेवलं आणि अडखळत, डागाखालची ओळसुद्धा न सोडता, पान संपवलं.

आईनं दारातून विचारलं, "मंग काय करू, बाई?"

"काय करू म्हंजे? धाडत जाय रोज. अन् तो लहाना ऐकत असन त त्यालेही धाड. कोपऱ्यात बसन."

त्या दोघी गेल्यावर मावशी बराच वेळ त्या डागावर हात ठेवून बसली. पदर मात्र तिनं उचलला नाही.