दोन थापा आणि राखाडी कोट

नोंद : दिनांक ९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास वसाहतीच्या सभागृहाच्या दारावर समितीच्या सचिवांच्या सहीचा एक टंकलिखित कागद डकवण्यात आला. मजकूर असा : "स्वसंरक्षण वर्गातील प्रशिक्षणार्थी क्रमांक सात यांनी दिनांक ३ रोजी हाती लागलेला चोर स्वतःहून सोडून दिला. सबब या वर्गाचा काही उपयोग नाही असे समितीचे मत झाले असून, वर्ग महिनाअखेर बंद करण्यात येत आहे."

चोर सुटला, हे खरे. मात्र तो काय घेऊन सुटला, याविषयी कागदात अवाक्षर नाही. कारण तो काहीच घेऊन सुटला नाही. अर्धे सत्य टंकलिखित करून त्याला शिक्का मारला की ते पूर्ण होते, अशी आपल्याकडील समित्यांची फार जुनी श्रद्धा आहे. राहिलेले अर्धे येथे नमूद करणे म्हणूनच भाग आहे.

क्रमांक सात म्हणजे इस्त्रीकाकू. वय एक्कावन्न, उंची बेताची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वसाहतीमागच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या काउंटरवर त्या बावीस वर्षे उभ्या आहेत. ओल्या चादरी पिळून पिळून त्यांची मनगटे अशी झाली आहेत की, डब्याचे गच्च बसलेले झाकण उघडायला शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे येतात. कपड्यांवरून माणसाचा सगळा आठवडा त्यांना वाचता येतो, आणि वाचलेले पोटात ठेवण्याइतके शहाणपणही त्यांच्याजवळ आहे. हा दुसरा गुण समितीत कोणाकडे असल्याचे आढळलेले नाही.

वर्गाशी त्यांचा संबंध आला तो धुण्याच्या निमित्ताने. सभागृहात संध्याकाळी ज्यूदो आणि स्वसंरक्षण शिकवणारे मास्तर हे रुग्णालयातले निवृत्त वॉर्डबॉय. वर्गाचे जाड पांढरे सदरे ते धुवायला टाकत. सहाही सदरे सारखेच दिसत, म्हणून काकूंनी प्रत्येकाच्या कॉलरला लाल दोऱ्याने आकडा शिवला. चार वर्षांपूर्वी एकदा गठ्ठा पोचवायला त्या स्वतःच गेल्या आणि निघता निघता म्हणाल्या,

"मास्तर, तुमच्या त्या चार नंबरला सांगा, पडताना कोपर टेकवत जाऊ नकोस म्हणावं. एक दिवस हात मोडून घेईल."

"तुम्ही कधी पाहिलंत त्याला पडताना?"

"त्याला कशाला पाहू? सदरा पाहिला. दर वेळी डावी बाही कोपरापाशीच विरते."

मास्तरांनी चार नंबरला, म्हणजे बँकेतल्या एका गलेलठ्ठ कारकुनाला, तिथल्या तिथे पाडून पाहिले. कोपर टेकले. मास्तर काकूंकडे वळले.

"किती वर्षं शिकताय?"

"मी? मी धुते."

"मग उद्यापासून मळवा."

अशा रीतीने सातव्या सदऱ्याला सातचा आकडा शिवला गेला.

पहिले वर्ष कठीण गेले. अंग मोडून येत होते, पण खरी अडचण वेगळीच होती. समोरच्याने धरलेल्या उशीवर गुद्दा मारला की काकू लगेच विचारत, "लागलं का हो?" चार नंबर म्हणे, "काकू, मला नाही लागलं, पण तुम्ही असं विचारलंत की उगाच दुखायला लागतं." आयुष्यभर कोणाला धक्का लागू नये म्हणून कडेकडेने चाललेल्या बाईला, मनगट पिरगाळ म्हटले तर ती पिरगाळणार कशी?

मास्तरांनी त्यांना एक दिवस बाजूला घेतले. "काकू, मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. वातात गेलेल्या माणसाला धरायचं, पण इजा करायची नाही. का? कारण ज्याला रात्री धरलं त्यालाच सकाळी चहा द्यायचा असतो. म्हणून इथला कायदा एकच. समोरच्यानं दोन थापा मारल्या, गादीवर, भिंतीवर, तुमच्या पाठीवर, कुठंही, की त्या क्षणी सोडायचं. विचार करायचा नाही. तो थांबवू शकतो ना? मग तुम्ही बिनधास्त जोर लावा."

हे काकूंच्या मनात पक्के बसले. दोन थापांच्या भरवशावर त्यांची भीड चेपली. धरायचे, वळवायचे, खाली न्यायचे, टप टप, सोडायचे, मान लववायची आणि म्हणायचे, "छान. आता तुमची पाळी." चार वर्षांत हे इतके हजार वेळा झाले की थापा कानावर पडण्याआधीच बोटे सैल होऊ लागली.

घरीही सराव चाले. काकूंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळून आलेला माणूस संध्याकाळी कोणाचे धक्के खाईल? त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. पुढे आल्या त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. खुर्चीत बसून त्यांनी लोड पोटाशी धरला.

"मार गं. घाबरतेस काय? माझ्याकडे बघून मार, आपोआप जोर येईल."

"आई, काहीतरीच तुमचं!"

"काहीतरी नाही, अठ्ठावीस वर्षांचा हिशेब आहे. मार!"

जोर आला, आणि लोड दोनदा उसवला, असे यजमान सांगतात.

आता दिनांक ३ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी चार. लाँड्रीत एक इसम आला. पावती हरवली म्हणाला आणि मागच्या दांडीवरच्या राखाडी कोटाकडे बोट दाखवून, तो माझा, असे सांगू लागला. तो कोट वसाहतीतल्या दंतवैद्यांचा होता. त्याच्या खिशातून निघालेला कापूस काकूंनी स्वतः काढून ठेवला होता. "पावतीशिवाय मिळणार नाही," त्या म्हणाल्या. त्यावर त्या इसमाने काउंटरवरून झेप घेऊन कोट ओढला आणि तो वळला.

पुढे काय झाले ते काकूंनाही नंतरच कळले. उजव्या हाताने त्याचे मनगट धरले, डावा हात कोपरावर गेला, आणि चादर पिळावी तसा तो दंड पिळला जाऊन इसमाचा गाल काउंटरवर टेकला. वाफेची इस्त्री तेवढी सुस्कारे टाकत होती. इसमाने दुसऱ्या हातातला कोट टाकला आणि कळवळून काउंटरवर तळहात आपटला. टप. टप.

काकूंनी त्याला सोडले. एक पाऊल मागे घेतले, मान लववली आणि अत्यंत आदबीने म्हणाल्या,

"छान. आता तुमची पाळी."

चोर क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. पोलिसांना, मालकांना, कुत्र्यांनाही त्याने तोंड दिले असेल. पाळी त्याला आजवर कोणी देऊ केली नसावी. मग भानावर येऊन त्याने जी धूम ठोकली, ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे वळून न पाहता.

कोट मात्र काउंटरवर होता. एक बटणही ढिले झालेले नव्हते. संध्याकाळी दंतवैद्य येऊन तो घेऊन गेले, काकूंचे आभारही मानून गेले. पण समितीच्या बैठकीत, त्याच समितीचे सभासद असलेले हे गृहस्थ, तोच कोट अंगात घालून मूग गिळून बसले. ज्यांचे काम दुसऱ्यांना आ करायला लावण्याचे, त्यांना स्वतःचे तोंड योग्य वेळी उघडता येऊ नये, याला काय म्हणावे?

वर्गात आधी हसण्याची लाट आली. चार नंबर सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, पुढचा वर्ग कधी असतो, तेही सांगायचं होतंत त्याला!" काकूही हसल्या. पण नवव्या तारखेला दारावर कागद लागला आणि हसू मावळले. वर्गात आता बाराजण होते. त्यांतल्या दोघी रात्रपाळीच्या परिचारिका. पहाटे एकट्या घरी येताना पाय लटपटायचे थांबले ते या वर्गामुळे, असे त्या सांगत. बाराजणांचा वर्ग आपल्या एका सवयीपायी बुडणार, ही बोच काकूंना जेवू देईना. त्यांनी सात नंबरचा सदरा धुतला, कडक इस्त्री केली, आणि मास्तरांपुढे ठेवला.

"हा घ्या. मी गेले की समितीचा राग जाईल."

मास्तरांनी सदऱ्याला हातही लावला नाही. "सोडलंत ते चुकलं असं वाटतं तुम्हाला?"

"चोराला पाळी दिली मी, मास्तर!"

"ते सोडा. सोडलंत ते चुकलं का, एवढंच सांगा. घरी जाऊन विचार करा."

काकूंनी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी समितीकडे अर्ज दिला : आमचे प्रात्यक्षिक पाहा, मग ठरवा. अर्ज तीन प्रतींत मागण्यात आला. तीन प्रतींत दिला. रविवार, १५ तारीख, सकाळी दहाची वेळ मिळाली.

मधल्या दिवसांत घरात नवा सराव सुरू झाला. काकू बादलीवर चादर पिळत, आणि सासूबाई मध्येच कधीतरी टेबलावर दोन थापा मारत. बोटे ढिली होता कामा नयेत, अशी अट. पहिल्या दिवशी चादर सात वेळा बादलीत पडली. शनिवारी एकदाच, तीही यजमानांनी भूक लागली म्हणून टेबल वाजवले तेव्हा.

रविवारी सभागृहात हिरव्या गाद्या अंथरल्या गेल्या. बारा जण ओळीत बसले. समोर सचिव, दंतवैद्य आणि इतिवृत्त लिहिणारे लेखनिक. सासूबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या. सचिव उठले आणि त्यांनी दंतवैद्यांच्या अंगातला कोट मागून घेतला.

"लुटुपुटीचं नाटक आम्हाला नको. मी स्वतः चोर होतो."

"शोभताय," सासूबाई म्हणाल्या.

"आई!" काकूंनी डोळे वटारले. सचिवांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मास्तर पुढे झाले. "साहेब, दुखलं की दोन थापा मारा."

"चोराला माहीत असतं का ते? खरं दाखवा, खरं!"

असे म्हणून सचिव कोट घेऊन दाराकडे निघाले. चालत नव्हे, चक्क पळत. काकूंनी चार पावलांत त्यांना गाठले. मनगट, कोपर, वळण. समितीचे सचिव गादीवर पालथे झाले, इतक्या अलगद की त्यांचा चष्माही नाकावरच राहिला. आणि लगेच, चोराला माहीत नसते ते यांना बरोबर आठवून, त्यांनी गादीवर हात आपटला. टप. टप.

काकूंची बोटे सैल होऊ लागली. धरून ठेवले तर मास्तरांचा कायदा मोडतो. सोडले तर वर्ग जातो. आणि तेवढ्यात त्यांची नजर त्या आपटणाऱ्या हाताकडे गेली. त्या मुठीत कोट होता. सचिव कोटासकट थापा मारत होते.

बोटे पुन्हा आवळली गेली. न दुखवता, पण पक्की.

"सोडा!"

"आधी कोट."

"सोडा म्हणतो ना! थापा मारल्या मी!"

"ऐकल्या. कोट सोडा, मी तुम्हाला सोडते."

"अहो, कोट माझा नाहीच मुळी!"

"हेच तर म्हणतेय ती मघापासून," सासूबाई म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला, लेखनिक हसले, आणि दंतवैद्यांनीही शेवटी तोंड उघडले, हसण्यासाठी का होईना. सचिवांची मूठ उघडली. त्याच क्षणी काकूंनी हात काढला, मागे सरून मान लववली. पाळी मात्र देऊ केली नाही.

मग त्या समितीकडे वळल्या. "त्या दिवशी त्या माणसानं आधी कोट टाकला आणि मग थापा मारल्या. म्हणून मी सोडलं ते बरोबर होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला हे कळलं नव्हतं, हातांना सवय होती म्हणून सुटला. आत्ता कळलं. वस्तू परत आली की माणसाला धरून ठेवायचं काय कारण? मला कुठं त्याचा हात मोडायचा होता?"

मास्तर उठले. त्यांनी सात नंबरचा सदरा, जो काकू तिथेच ठेवून गेल्या होत्या, घडीसकट त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी काकूंनी घरी सरावाची चादर हातातही घेतली नाही, आणि सगळ्यांना भात वाढताना त्या एकट्याच हसत राहिल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दिनांक १७ रोजी दारावर दुसरा कागद लागला : "प्रात्यक्षिकात सचिवांनी विनंती करूनही त्यांना वेळेत सोडण्यात आले नाही. सबब हा वर्ग धोकादायक असल्याचे समितीचे मत झाले आहे. विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा." सोडले तर निरुपयोगी, धरले तर धोकादायक! एकाच टंकयंत्रावर, नऊ दिवसांच्या आत. लाज हा शब्द त्या यंत्रावर उमटत नसावा.

काकूंनी हा कागद वाचला आणि त्या मोठ्याने हसल्या. खचण्याचे कारणही नव्हते, कारण सोमवारीच वर्गात तेरावा विद्यार्थी दाखल झाला होता : सचिवांच्या पत्नी. गादीवर उभ्या राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"काकू, हे नक्की किती वेळ पालथे होते हो?"

"दीड मिनिट असेल."

"मला तेवढंच शिकवा. बाकीचं नंतर बघू."

त्यांना तेरा नंबर शिवून मिळाला आहे.

सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक २९ सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजता सभागृहात आहे. आपण सारे घरी बसून चुकचुकतो आणि निर्णय तिघे घेतात. हे फार झाले. वाचकहो, त्या दिवशी या, शेवटपर्यंत थांबा, आणि वर्ग चालू ठेवण्याच्या बाजूने हात वर करा.