न चार्ज होणारं घड्याळ आणि माझा डावा हात

हे मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या सोसायटीतल्या देवरेंचं नाशिकच्या अर्ध्या इंदिरानगरला सांगून झालंय, आणि दर वेळी त्यांनी पदरचं थोडं घातलंय. तेव्हा म्हटलं, फजिती आपलीच आहे, निदान आपल्या तोंडून तरी ती नीट जावी. घ्या चहा. आणि मध्येच हसू नका, मला पुढचं आठवत नाही.

तर या उन्हाळ्यात मला बँकेच्या रांगेत चक्कर आली. कारण साधं होतं. माझा चतुर्थीचा उपास होता आणि बँकेचा पंखा बंद होता. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. पण माझ्या मुलीच्या डोक्यात जे निघालं, ते काही केल्या आत जाईना.

"बाबा, आता तुम्ही दोघं पुण्याला या. कायमचे."

मेघना आमची एकुलती एक. हिंजवडीच्या बाजूला अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो आणि समोर पाहिलं की दुसऱ्याची गॅलरी येते. शेजारी कोण राहतं ते तिला माहीत नाही, ती कोण ते शेजाऱ्याला माहीत नाही, आणि दोघंही खूश! मी पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केलेला माणूस. सकाळी जॉगिंग ट्रॅक, मग वाचनालय, मग दुपारी दुसऱ्या कोणाच्या तरी खर्चाने चहा. हे सोडून तिथे करू काय? कबुतरं हाकलू?

वाद पार पावसाळा संपेपर्यंत चालले. शेवटी तडजोड म्हणून तिने एक स्मार्ट घड्याळ आणून माझ्या डाव्या मनगटावर बांधलं. नाडी, झोप, पावलं, सगळं मोजणारं. घड्याळ माझ्या मोबाईलला सांगणार, मोबाईल पुण्याला सांगणार. नोकरीत साहेबांनी माझ्यावर एवढी नजर ठेवली असती, तर राज्यात एखादं धरण जास्त झालं असतं.

"अट एकच," मेघना म्हणाली. "आंघोळ आणि चार्जिंग सोडलं तर हे कायम हातात आणि कायम चालू पाहिजे. ज्या दिवशी बंद दिसलं, त्या दिवशी मी टेम्पो घेऊन येते."

"टेम्पो कशाला?"

"सामानाला."

येताना तिने ते पुरतं चार्ज करून आणलं होतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग एका सकाळी बॅटरी वीस टक्के दिसली. मी चार्जर काढला. लहानशी पांढरी चकती, आत लोहचुंबक. घड्याळ जवळ नेलं की टक् करून चिकटते. चिकटली. आणि पुढे काहीच नाही! ना दिवा, ना आवाज.

प्लग बदलला. बोर्ड बदलला. मिक्सर काढून त्याच्या जागी लावलं. विजेला दोष द्यावा म्हटलं, तर फ्रिज मजेत घुरघुरत होता. मग भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'अडचण आल्यास चार्जर कोरड्या कापडाने पुसावा.' पुसला. बनियनने पुसला, चष्म्याच्या फडक्याने पुसला. पान उलटलं असतं तर पुढे आणखी काही लिहिलेलं दिसलं असतं, पण पुढचं पान म्हणजे दुसऱ्याचं टेबल, अशी आमची जुनी सवय.

"मेघनाला विचारा की," आमची सौभाग्यवती म्हणाली. ती पोळ्या लाटत होती.

"आणि टेम्पो?"

"अहो, चार्जर बिघडला म्हणून कोणी घर उचलून नेतं का?"

"तुझी मुलगी आहे ती. नेईल."

"चांगल्या गोष्टीला तुमची, आणि टेम्पोला माझी का?"

यावर मी गॅलरीत गेलो.

तुम्हाला सांगतो, घरात गळकी टाकी असली तरी माणसाचा जीव एवढा खालीवर होत नाही. वीसचे अठरा, अठराचे पंधरा. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की टक्के बघावेसे वाटत. पेपरातला एकच मथळा किती वेळा वाचला ते त्या मथळ्यालाच माहीत. आणि या सगळ्यात घड्याळ मनगटावर थरथरलं आणि म्हणालं, 'तुमचा ताण वाढलेला दिसतो. दीर्घ श्वास घ्या.'

अरे लेका, तुझ्यामुळेच तर वाढलाय!

लगेच पुण्याहून फोन. "बाबा, काय करताय? ताण खूप दिसतोय."

"मॅच बघतोय."

"आज कुठे मॅच आहे?"

"जुनी आहे."

फोन ठेवला आणि मी डोकं चालवलं. इथूनच खरी घसरगुंडी सुरू झाली, लक्ष द्या. माझ्या असं ध्यानात आलं होतं की हात हलला की घड्याळाला वाटतं, हा वेळ बघतोय, आणि ते झगमगून उठतं. झगमगलं की बॅटरी खाल्लीच. म्हणजे उपाय सरळ होता. डावा हात हलवायचाच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॉगिंग ट्रॅकवर अशा थाटात चाललो होतो. डावा हात शरीराला चिकटवलेला, कोपर घट्ट, बोटं ताठ. वळताना हातासकट अख्खाच वळायचो.

देवरेंनी मला गाठलं. देवरे मूळचे नामपूरचे, कांद्याच्या व्यापारात केस पिकलेले. समोरच्या पोत्यात काय सडलंय ते लांबून ओळखण्याची त्यांना सवय.

"भाऊसाहेब, डाव्या हाताला काय झालं?"

"काही नाही."

"मग हलवत का नाय?"

"जपून वापरतोय."

"हात काय जपून वापरायची वस्तू हाय का? लय दुखतोय का? छातीत काही?"

"अहो देवरे, ठणठणीत आहे मी!"

"मंग उचलून दाखवा बरं."

आता कसा उचलू? बॅटरी नऊ टक्क्यांवर आलेली! मी म्हणालो, "आत्ता नको." आणि घाम पुसला. उजव्या हाताने.

खरं कारण सांगून टाकायचं की नाही? पण देवरेंकडे मेघनाचा नंबर होता. 'बाबांवर लक्ष ठेवा' म्हणून तिनेच दिलेला. म्हणजे माझ्यावर दोन यंत्रं लावलेली होती, आणि त्यातल्या दुसऱ्याला चार्जिंग लागत नाही.

घरी येऊन मी ठरवलं, एम.जी. रोडला जाऊन नवा चार्जर आणायचा. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला. मेघनाचा फोन आला तर पुन्हा जुनी मॅच लावावी लागली असती. मोबाईलपासून लांब गेलं की घड्याळाचं बोलणं पुण्याला पोचतच नाही, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आता तिकडचं चित्र तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. काल ताण वाढलेला, आज ट्रॅकवर नाडी उड्या मारत होती, आणि मग एकदम सगळं शांत!

एम.जी. रोडच्या दुकानदाराने आधी सरळच सांगितलं, "काका, घड्याळ काढून द्या, बघतो."

"घड्याळाला काही झालेलं नाही. चार्जर बिघडलाय."

"पण बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मी सांगतोय ना! घड्याळ हातातून निघणार नाही. चार्जर द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, ताठ हाताकडे पाहिलं, आणि वाद न घालता चार्जर दिला. वर रिक्षात बसवायलाही आला. मला वाटलं, काय संस्कारी व्यापारी आहे!

रिक्षा सोसायटीपाशी आली, तर फाटकात अँब्युलन्स. अर्धी सोसायटी खाली उतरलेली. कोणाचं काय झालं? वाटेत स्कूटर आडव्या लावलेल्या. मी रिक्षातून उतरलो आणि ओरडलोच, "अरे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, स्कूटर काय लावता! हटवा त्या! रस्ता द्या!" एक स्कूटर तर मी स्वतः उजव्या हाताने ओढली. मग धापा टाकत देवरेंना विचारलं, "कोण गेलं? वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी का?"

देवरे माझ्याकडे बघतच राहिले. "भाऊसाहेब, ही तुमच्यासाठीच हाय!"

सकाळी देवरेंनी मेघनाला कळवलं होतं, की हात उचलत नाही, घाम फुटलाय आणि भाऊसाहेब लपवतायत. तिने मोबाईलवर पाहिलं तर माझा काही पत्ताच नाही. घरी फोन केला तर आई म्हणाली, "एकटेच बाहेर पडलेत." झालं! तिने देवरेंना अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि जावयांसह गाडी काढून पुण्याहून निघाली.

मला काही बोलायच्या आत आडवं केलं. छातीला वायरी चिकटवल्या. आलेली डॉक्टर मुलगी मेघनाहून लहान असेल. तिने कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"काका, यात तर काही नाही. डावा हात वर करा."

"नको."

"उचलता येत नाही का?"

"येतो."

"मग उचला."

"उचलणार नाही."

ती घाबरली. तिने देवरेंकडे पाहिलं. "हे नेहमी असेच बोलतात?"

"नाय मॅडम, नेहमी याच्यापेक्षा जास्त बोलतात."

"अहो, उचला ना तो मेला हात!" सौभाग्यवती रडकुंडीला आली होती. तिचा चेहरा बघून मात्र मला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्या सांगण्यावरून ताबडतोब काही केलं. हात थेट डोक्यावर नेला. घड्याळ झळकन पेटलं, 'दीर्घ श्वास घ्या' म्हणालं आणि काळं झालं. मेलं.

मग सगळं सांगावं लागलं. वीस टक्के, झगमगाट, टेम्पो. अँब्युलन्सच्या दारातून सबंध सोसायटी ऐकत होती. मघाशी ज्यांच्या स्कूटर मी हटवल्या, ते सगळ्यांत पुढे.

एवढ्यात देवरेंच्या मोबाईलवर मेघनाचा व्हिडिओ कॉल आला. ती चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. डोळे लाल. डॉक्टरीण बाईंनी तिला सगळं नीट सांगितलं. मेघनाने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, घड्याळ काढा आणि मागची बाजू कॅमेऱ्यापुढे धरा."

धरली.

"त्या चार्जिंगच्या पिना आहेत ना, दोन. त्यांच्यावर लाल काय बसलंय?"

"ते तसंच असतं," मी जाणकारीने सांगितलं. "नाडी बघायचे दिवे आहेत ते. म्हणून तर मी त्यांना हातही लावत नाही."

सौभाग्यवतीने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. "दिवे कुठले? कुंकू आहे ते."

"कुंकू? घड्याळाला?" मेघना ओरडली.

"अगं, परवाच्या दसऱ्याला नाही का आपण घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो! मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं, ह्यांच्या घड्याळालाही लावलं. मी आपली वरून काचेवर एक बोट लावणार होते. तर हे म्हणाले, 'थांब, तुम्हा बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, काच खराब होईल.' ह्यांनीच घड्याळ उलटं केलं आणि म्हणाले, 'इथे मागे लाव. चांगलं ओलं करून, दाबून लाव. नाहीतर टिकायचं नाही.'"

टिकलं. कबूल करायलाच हवं, फारच छान टिकलं; मी सांगितलेलं तेवढं माझ्या डोक्यात टिकलं नव्हतं.

डॉक्टरीण बाईंनी कापूस ओला करून पिना पुसल्या आणि नीट कोरड्या केल्या. वर जाऊन घड्याळ चार्जरला लावलं. टक्! हिरवी रेघ उमटली. जुन्याच चार्जरवर.

मेघना आणि जावई संध्याकाळी पोचले. आता निघालोच आहोत तर येतो म्हणाले. मेघनाने आधी मला मिठी मारली, मग रागावली, मग पुन्हा मिठी मारली. पण पुण्याचं अवाक्षर काढेना. माझी घालमेल कमी होईना. टेम्पो ठरला की नाही? निकाल राखून ठेवलेल्या आरोपीसारखा मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो.

मग गॅलरीतून जावयांचा आवाज कानावर आला. आमचे जावई सहसा बोलत नाहीत. कॉम्प्युटरवाले आहेत, आणि त्यांच्या घरात सगळंच त्या जातीचं. दार मोबाईलवर उघडतं, दिवे हुकमावर लागतात, फरशी पुसणारं एक गोल यंत्र आपलं आपण फिरतं.

"मेघना, बाबांची तब्येत उत्तम आहे, आपण बघितलं," ते खाली आवाजात म्हणत होते. "मला काळजी आपल्या घराची वाटते. दाराच्या कुलपाला पिना आहेत, त्या पुसणाऱ्या यंत्राला आहेत, माझ्या लॅपटॉपला आहेत. आणि बाबा हौशी आहेत."

मग तिचं हसू ऐकू आलं, आणि ते लवकर थांबेना.

रात्री जेवताना तिने निकाल दिला. "बाबा, मी विचार केला. तुम्हाला नाशिकचीच हवा मानवते. तुम्ही इथेच राहा."

मी जिंकलो! देवरे आजही विचारतात, मुलीला कसं काय पटवलंत? मी म्हणतो, बापाचं मन जाणते ती.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? मेघनाचं वाक्य तिथे संपलं नव्हतं. आमटी वाढून घेताना ती पुढे म्हणाली, "हवं तेव्हा या, हवे तेवढे दिवस राहा. फक्त दसऱ्याला तुम्ही येऊ नका. आम्हीच येत जाऊ."