कुर्म्यातले दोन हात

त्या पावसाळ्यात मार्कंडादेवाकडे माझं एकच मागणं होतं, माझी बदली होऊ दे. माझे बाबा सावलीकडचे धानाचे शेतकरी. दर शिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जाऊन पिंडीवर पाणी घालायचे. पोरगी नर्स व्हावी हा नवसही त्यांचाच, निस्तरायचं मात्र माझ्याकडे आलं. चंद्रपूरच्या ट्रेनिंगमध्ये पुस्तकं इंग्रजी आणि मी खेड्यातल्या शाळेतली. प्रसूतीच्या खोलीत पहिल्यांदा उभी राहिले ती भोवळ येऊन खालीच पडले. आमच्या ट्यूटर सिस्टरांनी तोंडावर पाणी मारून मला उठवलं आणि पुन्हा त्याच टेबलाशी नेऊन उभं केलं. "हात थरथरले तं थरथरू दे," त्या म्हणाल्या, "पाय मागं घ्याचा नाई." तेव्हा त्यांचा फार राग आला. पण पाय मागे घेतला नाही, आणि पास झाले.

पहिली नेमणूक मिळाली ती भामरागडच्याही पलीकडच्या उपकेंद्रात. पावसाळा लागला की नद्या फुगायच्या, रस्ता बंद व्हायचा आणि आम्ही जगापासून तुटायचो. गावं माडिया लोकांची. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना जेमतेम यायची, आणि माझ्या पांढऱ्या साडीवर त्यांचा भरवसा नव्हता. बाळंतपणाला मला कोणी बोलावत नसे. मी रोज उदबत्ती लावून बदली मागायची आणि रोज नदीचं पाणी वाढलेलंच दिसायचं. देव नदीच्या पलीकडेच राहतो की काय, असंही मनात यायचं.

एके सकाळी शेजारच्या गावचा एक तरुण धावत आला. बायको, सोमी, कालपासून अडली होती. मी पिशवी उचलली आणि चिखल तुडवत त्याच्यामागे निघाले. सोमी घरात नव्हती, गावाबाहेरच्या कुर्म्यात होती. पाळी आलेल्या आणि बाळंत होणाऱ्या बायकांनी राहायची ती झोपडी. कुर्म्यातल्या बाईला हात लावला की लावणाऱ्यालाही तिथेच राहावं लागतं, घरी परतता येत नाही. सोमीची सासू दूर झाडाखाली बसून रडत होती.

"आत या ना आई, मले धरू लागा," मी म्हटलं.

"नाई बाई. घरी लहान लेकरं हायेत, त्यायले कोन पाहीन? देव कोपते."

मी चिडले, पण चिडायलाही वेळ नव्हता. वाकून एकटीच आत गेले.

बाळ झालं, मुलगा. पण रडलं नाही, निळंसर आणि ढिलं पडलेलं. नाळ बांधून कापली, त्याच्या तोंडातलं पाणी ओढून काढलं, पाठ चोळायला घेतली. तेवढ्यात सोमीच्या खालचं गवत लाल व्हायला लागलं. इंजेक्शन दिलं, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय लोण्यासारखं मऊ. ते दाबून चोळत राहिलं नाही तर ती जाणार होती. आणि बाळाला सोडलं तर बाळ जाणार होतं. ट्रेनिंगमध्ये अशा वेळी शेजारी कुणीतरी असायचं. मी एका हाताने आईचं पोट दाबत होते, दुसऱ्याने बाळाची पाठ चोळत होते, आणि दोन्ही कामं अर्धीच होत होती. त्या क्षणी बदलीबिदली सगळं विसरले. मोठ्याने ओरडले, "देवा मार्कंडा, आनखी दोन हात दे रे!"

दारातला उजेड अडला. एक उंच बाई ओल्या केसांनी आत आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. "मले सांग बाई, का करू?"

तिला बाळ दिलं. मान कशी ठेवायची, पाठ कशी चोळायची ते बोलून सांगितलं आणि मी दोन्ही हातांनी सोमीला धरलं. ती बाई सांगेन तसं करत गेली. मी वाकून बाळाच्या तोंडात हलके श्वास फुंकत होते, माझे हात मात्र सोमीच्या पोटावरच होते. किती वेळ गेला कोण जाणे. आधी पोट हाताखाली घट्ट लागलं, मग बाळ शिंकलं, आणि मग असं रडलं की झाडाखालची सासू उठून उभी राहिली.

ती बाई देवी वगैरे नव्हती. तिचं नाव मैनी, दूरच्या गावची. माहेरी निघाली होती, वाटेत नाल्याला पूर आला म्हणून या गावात अडकली, आणि तिथेच तिची पाळी चार दिवस आधी आली. म्हणून गावाने तिला आपल्या कुर्म्यात ठेवलं. नाल्यावर अंघोळीला गेली होती, माझी हाक ऐकून परत आली. साऱ्या गावात त्या झोपडीत शिरू शकणारी, सोमीला शिवू शकणारी ती एकटीच होती. ज्या रिवाजावर मी चिडले होते, त्यानेच तिला दारापर्यंत आणून ठेवलं होतं. तो रिवाज मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण त्या दिवशी तिथे कोण हवं हे मी ठरवलं असतं, तर मैनी मला सुचली नसती.

आता मलाही घरी जाता येईना. सासूने दुरूनच पानावर भात ठेवला, मागे सरली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. आम्ही तिघी आणि ते बाळ त्या झोपडीत दाटीवाटीने राहिलो. मी सोमीचं पोट पुन्हा पुन्हा तपासत होते, मैनी मला माडिया शब्द शिकवून माझ्या उच्चारांना हसत होती. त्यानंतर त्या भागातल्या बायका मला बोलवायला लागल्या. कुर्म्यात शिरणारी नर्स, एवढीच माझी ओळख.

पुढच्या शिवरात्रीला बाबांबरोबर मार्कंड्याला गेले. पिंडीवर पाणी घालून बाहेर आलो तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "बदलीचं मांगतलं का पोरी?"

"नाई बाबा, विसरली."

"मंग एवढा वेळ हात जोडून का करत होतीस?"

मी पदराने डोळे पुसले. मी मैनीसाठी आणि त्या लेकरासाठी हात जोडले होते. परतताना बाबा सावलीच्या एसटीत बसले आणि मी भामरागडकडच्या.