पथ्य काकांचं, उरलेलं काकूंचं

शोभाकाकू नवऱ्याला घेऊन कोणाकडे बसायला गेल्या, की उंबरठ्यातूनच ओरडायच्या, "यायच्या कपात साखर टाकली तं पाहा, कपासकट फेकीन!" मग चपला काढायच्या. नवा माणूस दचकायचा. नाचणगावातल्या आमच्या गल्लीला मात्र सवय झाली होती. काकू रागीट होत्या, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. जिथे "घ्या हो, एवढ्यानं काय होते" म्हणत माणसाच्या घशात जिलेबी कोंबतात, तिथे एक तरी रागीट माणूस लागतोच. आता त्या नाहीत. राग तेवढा माझ्याकडे उरला आहे.

दामोदरकाका सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी डोळ्यांची, पायांची भीती घातली. काका घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. "हा मानूस मले जिवंत पाह्यजे," त्या मला म्हणाल्या. भिंतीला भिंत लागून आमचं घर, म्हणून पहिली बातमी मलाच. पुढची सगळी वर्षं त्या याच एका गोष्टीसाठी भांडल्या.

एक जानेवारीला आमच्या शाळेतल्या शिक्षकांना संकल्पांचा ताप चढतो. कोणी पहाटे धावायला लागतं, कोणी भात सोडतं, कोणी डब्यात नुसती काकडी आणतं. संक्रांत येईतो सगळे बरे होतात. काकू हे पाहून भडकायच्या. "एका साली एकच बदलाव, मास्तरीन. सवय मांजरीवानी असते. पोत्यात घालून सोडून आली तं तुह्या आधी घरी येते. तिचं दूध हळूहळू तोडा लागते." एका नव्या वर्षी त्यांनी काकांच्या चहातली साखर घालवली, तीही चमच्या-चमच्यानं. पुढच्या वर्षी रात्रीच्या पोळ्या जाऊन ज्वारीची भाकर आली. त्याच्या पुढच्या वर्षी जेवण झाल्यावर टीव्हीसमोर न बसता पुलगावच्या रस्त्यानं फेरी मारायची, हे सुरू झालं. काका कुरकुरत पुढे, काकू मागे. लोक हसायचे. "चालली वरात," म्हणायचे.

त्यांच्या हातचं जेवण मात्र पथ्याचं वाटायचंच नाही. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वर कच्चा कांदा. जवसाची चटणी मी त्यांच्याकडूनच शिकले, शिव्या खात. "मंद आचेवर भाजजो. तडतडलं का उतरव. लसून, जिरं, तिखट, मीठ घाल अन् कुट. तेल काऊन ओतून राह्यली वरतून? जवसात तेल नाई का? देवानं दिलं तेवढं पुरत नाई तुमाले!" मी बाटली खाली ठेवली. अजूनही ती चटणी करताना तेलाकडे हात जात नाही.

काकांची बहीण विमलआत्या नागपूरला असते. दर एक जानेवारीला ती केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन इकडे यायची. एका हातात प्रसादाचे पेढे, दुसऱ्या हातात संत्राबर्फीचा डबा. भावाला पाहिलं की तिला भडभडून यायचं. "कसा वाळला रे माह्या दादा! बाईनं उपाशी मारलं!" असं म्हणून ती बर्फी थेट त्याच्या तोंडाशी न्यायची आणि काकू तितक्याच चपळाईनं मधल्यामध्ये पकडायच्या. "वन्सं, भाऊ पाह्यजे का बर्फी पाह्यजे, ते एकडाव ठरवा." आत्या रुसायची, काका खो-खो हसायचे. "आमच्या घरी फौजदार आहे," असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे.

असाच एक जानेवारी. आत्या गेल्यावर मी कढीपत्ता मागायला काकूंकडे गेले. त्या ओट्याशी उभ्या होत्या. एका हातात काकांचं ताट, त्यात पाहुणचारातला अर्धा गुलाबजाम, काकांनी आत्याच्या आडून पळवलेला आणि काकूंनी परत जप्त केलेला. बाजूला बर्फीचा उघडा डबा आणि प्रसादाचे पेढे. काकू बर्फीचे तुकडे एकामागून एक तोंडात टाकत होत्या, चेहऱ्यावर गोडाचा मागमूस नाही. काढा प्यावा तसा चेहरा.

"काकू, तुम्हाला एवढी आवडते?" मी विचारलं.

"आवडते म्हनून नाई खाऊन राह्यली. संपवून राह्यली. घरात राह्यली तं रात्री उठून खाते हा मानूस."

"मग फेका. वाटून टाका."

"अन्न फेकते का कोनी? अन् पेढे तं परसादाचे आहे." त्यांनी अर्धा गुलाबजामही गिळला आणि ताट घासायला घेतलं.

मला तेव्हापासून दिसायला लागलं. हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू, शेजारच्या बारशाचे पेढे, पाहुण्यांना केलेला आणि उरलेला शिरा, सणाच्या शिळ्या पुरणपोळ्या: काकांच्या तोंडातून वाचवलेला प्रत्येक घास काकूंच्या पोटात जात होता. घरातली साखर कमी झालीच नव्हती. तिनं फक्त ताट बदललं होतं. मी बोलले. एकदा नाही, पुष्कळदा बोलले. "तुमचंही रक्त तपासा." त्यावर ठरलेलं उत्तर, "मले काय धाड भरली?" काकांसोबत त्या दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायच्या. फाईल सांभाळायच्या, डॉक्टरांना खोदून खोदून विचारायच्या. सुई टोचायला बोट मात्र नेहमी काकांचंच पुढे व्हायचं. मी काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तिले काई होत नाई. लोखंड आहे ते." लोखंड! लोखंडाला गंज लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं की काय!

गेल्या नव्या वर्षाला पुलगावात ज्येष्ठ नागरिकांनी काकांचा सत्कार ठेवला. निरोगी राहणीबद्दल शाल आणि श्रीफळ. काका ताठ उभे राहून संयमावर बोलले. जिभेवर ताबा, मनाचा निर्धार, पहाटे उठणं. (त्यांना पहाटे कोण उठवायचं, हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते.) जिनं भाकरी थापल्या, जिनं अख्ख्या गावाशी वैर घेतलं, तिचं नाव भाषणात एकदाही आलं नाही. मी दात-ओठ खात बसले होते. काकू माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत. पाण्याची बाटली रिकामी करून त्यांनी माझीही मागितली. चपलेनं टाचेला लागलेलं होतं, त्यावर चिंधी बांधलेली. "दिवाळीपासून भरून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात न्यायला गेले, तर घरात आत्याचा मुक्काम. "पाहुने गेले का जाऊ," म्हणाल्या. पाहुणे संक्रांतीपर्यंत राहिले. तोवर पाय काळा पडून ताप चढला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात मी सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि काकांना विचारलं, "किती वर्षांपासून शुगर आहे यांना?"

"तिले नाई, मले आहे," काका म्हणाले.

इतकी वर्षं त्या घरात साखर म्हणजे काकांची साखर. डॉक्टरीणबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला, तरी त्यांना वाटत होतं की नावात घोटाळा झाला आहे. विष अंगभर पसरलं होतं. पाय कापूनही उपयोग झाला नाही. शुद्ध होती तोवर काकू मला विचारत होत्या, "यायनं भाकर खाल्ली का?" मी हो म्हटलं. काकांनी बाहेर हॉटेलात आलूबोंडे खाल्ले होते.

तेरवीला बुंदी केली. रीत आहे म्हणे. साखरेनं गेलेल्या बाईच्या नावानं साखरेची बुंदी! माझं डोकं फिरलं, पण घर माझं नव्हतं. काका रडत होते आणि जेवत होते, दोन्ही खरं. आत्या त्यांना वाढत होती. "खा दादा, आता कोन अडवते?" त्यांना बुंदी गेली नाही. अर्धी ताटात तशीच राहिली. काकूंची सून रश्मी पुण्याहून आली होती. ती पानं उचलायला वाकली, तशी आत्या म्हणाली, "फेकू नको वं. मोठ्याचं ताट आहे. खाऊन घे तू."

रश्मीनं निमूट बोटं बुंदीत घातली.

मी ते ताट तिच्या हातून हिसकावलं, अंगणात गेले आणि सगळ्यांसमोर गाईच्या घमेल्यात उपडं केलं. बायका हबकल्या. "तेरवीचं अन्न!" आत्या किंचाळली. "हो, तेरवीचं," मी म्हणाले. "आणखी एक करायची आहे का या घरात?"

काकांनी डोळे पुसले आणि सुनेकडे पाहून म्हणाले, "आता माह्या पथ्याचं कोन पाहीन?"

म्हातारा माणूस, बायको गेलेली. मला दया यायला हवी होती. आली नाही.

"तुम्ही पाहाल, काका," मी म्हणाले, आणि रश्मीला हाताला धरून आधी माझ्या घरी जेवायला नेलं.